छापील जैवसंवेदक : स्वस्त पट्टीपुढची खरी अडचण

बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि काही सेकंदांत साखरेचा आकडा वाचायचा, हे आता घरोघरचे काम झाले आहे. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के आहे. एवढ्या माणसांना पुरेल अशी पट्टी निघू शकली ती दोन गोष्टींमुळे. एक, साखर नेमकी ओळखणारे विकर, म्हणजे एन्झाइम. आणि दोन, कागदावर मजकूर छापावा तशी लाखोंनी छापता येणारी विद्युतअग्रे, म्हणजे इलेक्ट्रोड.

मग हाच मार्ग दुधातला युरिया, द्राक्षावरचे कीटकनाशक किंवा फवारणीत विषबाधा झालेल्या मजुराचे रक्त तपासायला का चालू नये? संशोधक हा प्रश्न गेली चाळीस वर्षे विचारत आहेत, आणि त्यातल्या अनेकांची भिस्त वीज वाहणाऱ्या पॉलिमरवर आहे. एन्झाइमला धरून ठेवणारे, त्याच्याकडून आलेला संकेत तारेपर्यंत पोहोचवणारे आणि शाईसारखे छापता येणारे असे एकच द्रव्य मिळाले तर पट्टी स्वस्त होईल, हा त्यामागचा विचार. या प्रयत्नांतून काय हाती लागले आणि काय राहिले, ते इथे पाहू. माझे मत आधीच नोंदवतो : रसायन बऱ्यापैकी सुटले आहे, छपाईही येते. अडले आहे ते हजारावी पट्टी पहिलीसारखी निघण्यावर आणि ती पावसाळ्यातही तशीच टिकण्यावर.

सुरुवात कुठून झाली

एन्झाइम आणि विद्युतअग्र यांची जोडी प्रथम लावली ती अमेरिकेतल्या लीलँड क्लार्क यांनी. ऑक्सिजन मोजणारे विद्युतअग्र त्यांनी आधीच तयार केले होते. १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासह त्यांनी सुचवले की त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेझ या एन्झाइमचा पातळ थर पडद्याआड धरून ठेवावा. साखर असेल तितका ऑक्सिजन खर्च होईल आणि त्यावरून साखर कळेल. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी एन्झाइम जेलमध्ये अडकवून दाखवले. १९७५ मध्ये यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीने या तत्त्वावरचे यंत्र बाजारात आणले, पण ते प्रयोगशाळेच्या टेबलावरचे होते.

ग्लुकोज ऑक्सिडेझ साखरेतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते आणि ऑक्सिजनला देते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हे पेरॉक्साइड प्लॅटिनमवर मोजायचे तर ०.६ ते ०.७ व्होल्ट लावावे लागतात. इतक्या दाबाला रक्तातले क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि रुग्णाने घेतलेली पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देऊ लागतात आणि आकडा फुगतो. शिवाय थेंबात ऑक्सिजन किती विरघळला आहे त्यावरही उत्तर हलते. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी ऑक्सिजनच्या जागी फेरोसीन हे लोहयुक्त संयुग वापरले. हा मध्यस्थ एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि कमी दाबाला विद्युतअग्राच्या हाती देतो. तीनच वर्षांत, १९८७ मध्ये, पेनाच्या आकाराचे यंत्र आणि छापील पट्ट्या विकायला आल्या. आजच्या पट्ट्यांत मध्यस्थ बदलले, एन्झाइमही बदलले, पण आराखडा मुळात तोच आहे.

या यशात वाहक पॉलिमर कुठेच नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. साखरेच्या पट्टीची बाजी मध्यस्थाने जिंकली.

वीज वाहणारी पॉलिमरे

हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची जोड दिली की ते धातूसारखी वीज वाहते. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठी मिळाले. पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे व्यवहारात पुढे आली ती तीन द्रव्ये : पॉलिपायरोल, पॉलिॲनिलीन आणि पेडॉट.

१९८६ मध्ये इंग्लंडमध्ये फाउल्ड्स आणि लो यांनी, आणि अमेरिकेत उमाना आणि वॉलर यांनी, पॉलिपायरोलच्या वाढत्या थरात ग्लुकोज ऑक्सिडेझ अडकवून दाखवले. पायरोल आणि एन्झाइम पाण्यात एकत्र करायचे, विद्युतअग्र बुडवायचे आणि दाब लावायचा. थर फक्त विद्युतअग्रावर बसतो, वाढताना आजूबाजूचे एन्झाइम आत ओढून घेतो, आणि किती विद्युतभार वाहिला त्यावरून जाडी ठरवता येते. तीव्र आम्ल लागत नाही, उष्णता लागत नाही. नाजूक प्रथिनासाठी इतकी सौम्य रीत दुसरी क्वचितच सापडेल.

पण दोष लवकरच दिसले. एन्झाइम जे पेरॉक्साइड तयार करते तेच पॉलिपायरोलची वाहकता मारते. थर जाड केला तर आत खोल अडकलेल्या एन्झाइमपर्यंत साखर पोहोचत नाही, पातळ केला तर एन्झाइम कमी पडते. १९९० मध्ये इटलीतून एक वेगळी दिशा मिळाली : ऑर्थो-फेनिलीनडायॲमिनचा अतिशय पातळ, वीज न वाहणारा थर वापरला तर पेरॉक्साइडचे लहान रेणू आत जातात आणि क जीवनसत्त्वासारखे मोठे रेणू बाहेरच राहतात. म्हणजे काही ठिकाणी पॉलिमरचा उपयोग वीज वाहण्यापेक्षा गाळणीसारखा अधिक होतो.

छपाईच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे ठरले पेडॉट. जर्मनीच्या बायर कंपनीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झाले. पॉलिस्टायरीन सल्फोनेटच्या सोबतीने ते पाण्यात पसरून राहते, आणि फोटोफिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून त्याचा लेप देत असत. इथिलीन ग्लायकॉल किंवा डीएमएसओ मिसळले की त्याची वाहकता कित्येक पटींनी वाढते. मात्र हे मिश्रण चांगलेच आम्लधर्मी असते. एन्झाइम घालण्याआधी ते उदासीन करावे लागते, आणि तसे करताना शाई घट्ट होऊ नये हेही पाहावे लागते.

इलेक्ट्रॉन थेट जातो का?

या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद इथे आहे. मध्यस्थच नको, एन्झाइमच्या गाभ्यातून इलेक्ट्रॉन थेट पॉलिमरमध्ये उतरावा, हे अनेकांचे ध्येय. ग्लुकोज ऑक्सिडेझच्या बाबतीत ते साधल्याचे दावे शेकडो शोधनिबंधांत सापडतात. कधी कार्बन नॅनोनलिकांवर, कधी ग्राफीनवर, कधी त्यांना पॉलिमरची जोड देऊन. पण या एन्झाइमचे क्रियाशील केंद्र, एफएडी, प्रथिनाच्या आत खोल दडलेले आहे आणि वर साखरेच्या साखळ्यांचे आवरण आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठाचे फिलिप बार्टलेट आणि त्यांचे सहकारी अल-लोलाज यांनी २०१८ मध्ये नॅनोनलिका आणि ग्राफीनवरचे दावे तपासून स्पष्ट लिहिले की नैसर्गिक ग्लुकोज ऑक्सिडेझसाठी पुरावा मिळत नाही. आलेखात दिसणारी शिखरे एन्झाइममधून सुटून पृष्ठभागाला चिकटलेल्या मोकळ्या एफएडीची असू शकतात, आणि साखर घातल्यावर होणारा बदल ऑक्सिजन कमी झाल्यामुळे दिसू शकतो.

मला हा निष्कर्ष पटतो, आणि तो निराशेचा वाटत नाही. थेट वहन जमत नसेल तर मध्यस्थालाच पॉलिमरच्या साखळीला बांधून टाकावे. ॲडम हेलर यांनी ऑस्मियमची संयुगे पॉलिमरला जोडून नेमके हेच केले. दंडावर चिकटवून १४ दिवस साखर मोजणारा आणि युरोपात २०१४ मध्ये आलेला फ्रीस्टाइल लिब्रे याच विचारातून उभा राहिला. बोट टोचून यंत्र जुळवून घेण्याची गरजही त्यात उरली नाही.

दुसरी आशादायक वाट म्हणजे पॉलिमरचे ट्रान्झिस्टर. १९८४ मध्ये राइटन यांच्या गटाने पॉलिपायरोलचा ट्रान्झिस्टर द्रावणात चालवून दाखवला. यात एन्झाइमची क्रिया पॉलिमरमधली आयनांची संख्या बदलते आणि त्यामुळे मोठा प्रवाह कमीजास्त होतो. म्हणजे संकेत जागच्या जागी मोठा होतो. घामात किंवा लाळेत साखर रक्ताहून खूपच कमी असते, तिथे हे उपयोगी. २०१८ मध्ये सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठाच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन स्वीकारणारे पॉलिमर वापरून लॅक्टेट मोजले. तरी घामातली साखर रक्तातल्या साखरेचा भरवशाचा पुरावा होईल, असे म्हणण्याची वेळ आलेली नाही.

छपाईतली कसोटी

साखरेची पट्टी बनते कशी, ते जवळून पाहू. पॉलिएस्टरची पातळ शीट आधी तापवून घेतात, म्हणजे पुढच्या थरांच्या वेळी ती आकसत नाही. ताणलेल्या जाळीवर शाई ओतून रबरी स्क्वीजीने दाबली की मोकळ्या ठेवलेल्या भागातून ती खाली उतरते. पहिला थर कार्बनचा, तो वाळवायचा. मग संदर्भ-विद्युतअग्रासाठी चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची शाई. त्यावर विद्युतरोधक थर. त्यात एक लहान खिडकी सोडलेली असते आणि तेवढाच कार्बन उघडा राहतो. त्या खिडकीत एन्झाइम, मध्यस्थ आणि चिकटपणासाठी सेल्युलोजचे संयुग यांचे मिश्रण, आणि हा थर वाळवताना तापमान बेताचेच ठेवायचे. शेवटी वर आच्छादन. त्यातली बारीक पोकळी एक मायक्रोलिटरहून कमी रक्त आपोआप ओढून घेते.

आता हिशेब करा. प्रवाह उघड्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. एक मिलिमीटर रुंदीची खिडकी केवळ ०.०५ मिलिमीटरने जास्त रुंद छापली गेली तर आकडा ५ टक्क्यांनी वाढतो. आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ सालच्या आवृत्तीनुसार साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असेल तेव्हा ९५ टक्के निकाल १५ टक्क्यांच्या आत हवेत, आणि त्याखाली १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे परवानगीचा एक तृतीयांश भाग जाळीच्या एवढ्याशा चुकीनेच खाऊन टाकला. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि पिशव्या छापणारे स्क्रीन प्रिंटर तालुक्याच्या गावीही आहेत आणि त्यांचे कसब उत्तम आहे. पण पत्रिकेत डोळ्याला न दिसणारी चूक चालते, इथे चालत नाही. कौशल्य आहे तेच. त्याला मोजमापाची शिस्त जोडायला हवी.

इंकजेटमध्ये जाळीच लागत नाही. काही पिकोलिटरचे थेंब हवे तिथे टाकता येतात आणि महागडे एन्झाइम वाया जात नाही. २००५ मध्ये इटलीतल्या सेत्ती यांच्या गटाने थर्मल इंकजेटने पेडॉट आणि ग्लुकोज ऑक्सिडेझ छापून साखरेचा संवेदक केला. थर्मल इंकजेटमध्ये शाईचा अगदी पातळ थर क्षणभर खूप तापतो, तरी वेळ इतका कमी असतो की बहुतांश एन्झाइम शाबूत राहते. अडचण निराळीच आहे : इंकजेटची शाई पातळ असावी लागते, पॉलिमरचे कण तोटीत अडकतात, आणि पुरेशा जाडीसाठी थरावर थर द्यावे लागतात. मोठ्या उत्पादनात म्हणून जाळीची छपाईच पुढे राहिली आहे. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये कागदावर द्रवाच्या वाटा आखून दाखवल्या, आणि २००९ मध्ये थायलंड-अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या कागदाला छापील विद्युतअग्रे जोडली. त्यामुळे प्लास्टिकच्या शीटला स्वस्त आणि जाळून टाकता येणारा पर्याय मिळाला.

दुधातला युरिया : पॉलिमरची खरी जागा

वाहक पॉलिमर जिथे मध्यस्थाला मागे टाकू शकेल अशी जागा मला दुधात दिसते. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवर भाव ठरतो. पाणी घातलेल्या दुधाचा एसएनएफ वाढलेला दिसावा म्हणून युरिया घालण्याचे प्रकार होतात. युरिया दुधात नैसर्गिकपणेही असतो. म्हणून ‘आहे की नाही’ एवढे पुरत नाही, किती आहे ते कळायला हवे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा ७०० पीपीएम आहे.

युरिया तोडणारे एन्झाइम युरिएज. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये अबईच्या कुळातल्या जॅक बीनच्या दाण्यांतून त्याचे स्फटिक काढले. स्फटिकरूपात मिळालेले हे पहिले एन्झाइम, आणि १९४६ मध्ये सम्नर यांना त्यासाठी नोबेल मिळाले. युरिएज युरियाच्या एका रेणूतून अमोनियाचे दोन रेणू सोडते. इथे पॉलिॲनिलीन कामाला येते. आम्लात ते हिरवे आणि वाहक असते. अल्कली लागली की निळे पडते आणि वाहकता कित्येक पटींनी घटते. विद्युतअग्रांच्या दोन बोटांमध्ये त्याचा थर छापला, वर युरिएज ठेवले, की युरियाचे प्रमाण थेट विद्युतरोध म्हणून वाचता येते. मध्यस्थ नको, व्होल्टेजची बारीक जुळवणी नको. साधा विद्युतरोध मोजणारे यंत्र पुरते.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात दुधाचा पीएच ६.६ ते ६.८ असतो आणि साधे पॉलिॲनिलीन तिथे आधीच वाहकता गमावून बसते. पॉलिस्टायरीन सल्फोनेटसारखी आम्लगटांची साखळी सोबत गुंफली तर ते उदासीन द्रावणातही काही प्रमाणात जागे राहते. दुसरे म्हणजे दुधातली प्रथिने आणि फॉस्फेट पीएच बदलू देत नाहीत, त्यामुळे तितक्याच युरियाचा संकेत गाईच्या आणि म्हशीच्या दुधात वेगळा येऊ शकतो. तिसरे, आंबायला लागलेल्या दुधातले लॅक्टिक आम्ल अमोनियाचा परिणाम पुसून टाकते. भेसळ लपते ती नेमकी उन्हाळ्यात. उपाय आहेत : दूध ठरावीक द्रावणाने पातळ करणे, आणि शेजारी युरिएज नसलेली दुसरी खिडकी छापून दोन्हींतला फरक घेणे. दुसरी खिडकी छापायला जवळजवळ वेगळा खर्च येत नाही, हाच छपाईचा फायदा. तरीही यांतली एकही गोष्ट टाळून चालणार नाही.

कीटकनाशके : मर्यादा ओळखून वापर

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेझ हे एन्झाइम बंद पाडतात. पट्टीवर हे एन्झाइम ठेवले तर कीटकनाशक जितके जास्त तितका प्रवाह कमी. कार्बनच्या शाईत कोबाल्ट थॅलोसायनिन मिसळले की मोजणी कमी दाबालाच होते.

पण ही पट्टी कोणते कीटकनाशक आहे ते सांगू शकत नाही. क्लोरपायरिफॉससारखी काही द्रव्ये एन्झाइमला जोरात बांधण्याआधी त्यांचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते, नाहीतर पट्टी त्यांना ओळखत नाही. युरोपात ज्या द्रव्यांची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्यांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. २०१० मध्ये भारतीय द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे, आणि ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले नव्हे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळांना पर्याय नाही. पट्टीचे काम बाजार समितीत संशयित माल बाजूला काढण्यापुरते.

मात्र माणसाच्या रक्तात हेच एन्झाइम मोजणे ही निराळी आणि तातडीची गरज आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झाली आहे का, हे रक्तातल्या कोलिनएस्टरेझवरून ठरवता येते. इथे पट्टीवर एन्झाइम ठेवावेच लागत नाही. ते रुग्णाच्या रक्तात असते, पट्टीवर त्याला तोडायला द्रव्य दिले की झाले. टिकण्याचा प्रश्नही त्यामुळे हलका होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी छापील पट्टी असावी, असे मला आग्रहाने वाटते.

खर्च नेमका कुठे होतो

पॉलिमर स्वस्त म्हणून पट्टी स्वस्त, हा समज चुकीचा आहे. एका पट्टीत एन्झाइम आणि पॉलिमर अत्यल्प लागतात. खर्च होतो तो चांदीच्या शाईवर, वाया गेलेल्या शीटवर, प्रत्येक खेपेच्या तपासणीवर आणि डबीवर. हवेतला ओलावा एन्झाइमचा शत्रू आहे. म्हणून डबीच्या आतल्या भिंतीत ओलावा शोषणारे द्रव्य असते, आणि वाळलेल्या थरात ट्रेहॅलोजसारखी साखर घालून प्रथिनाचा आकार जपतात. कोकणातल्या जुलै महिन्यात डबी उघडी राहिली तर चांगल्यात चांगली पट्टीही बिघडते.

चुकीच्या पट्टीची किंमत पैशात मोजता येत नाही. ऑक्सिजनवर अवलंबून राहू नये म्हणून काही पट्ट्यांत पीक्यूक्यू-युक्त ग्लुकोज डीहायड्रोजिनेझ वापरले जात होते. हे एन्झाइम माल्टोजलाही साखर समजते. पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसच्या काही द्रावणांतून माल्टोज रक्तात उतरतो. खोट्या वाढलेल्या आकड्यावर इन्शुलिन दिले गेले, आणि अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये १९९७ पासूनचे १३ मृत्यू नोंदवून इशारा दिला. स्वस्त पट्टी आणि खात्रीची पट्टी या दोन गोष्टी एकत्रच पुढे न्याव्या लागतात, हा त्याचा धडा.

आपण कुठे आहोत

भारतात ज्ञानाची उणीव नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत बन्सीधर मल्होत्रा यांच्या गटाने वाहक पॉलिमरच्या जैवसंवेदकांवर अनेक वर्षे काम केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नवकांत भट यांच्या संशोधनातून पाथशोध ही कंपनी निघाली आणि एका यंत्रावर अनेक चाचण्या आल्या. २०१४ मध्ये आयसीएमआरच्या पाठबळाने आयआयटी मुंबई आणि बिट्स पिलानीच्या हैदराबाद केंद्रातून विकसित झालेले देशी ग्लुकोमीटर सादर झाले. पुण्यात पॉलिमरसाठी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि इलेक्ट्रॉनिक पेस्टसाठी सी-मेट आहे. दोन्ही पाषाण परिसरात. शाई बनवणारे, छापणारे आणि दूध मोजणारे असे तिघेही महाराष्ट्रात आहेत. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांमुळे दर्जाची चौकटही तयार आहे.

उणीव आहे ती पुढच्या टप्प्याची. बहुतेक शोधनिबंध हाताने बनवलेल्या मोजक्या विद्युतअग्रांवर, स्वच्छ बफर द्रावणात, काही आठवड्यांचे निकाल देतात. संशोधकांना माझी विनंती आहे की नवे पॉलिमर जाहीर करण्याआधी एकाच खेपेतल्या किमान शंभर पट्ट्यांचा विखुरलेपणा द्या, आणि ४० अंश व दमट हवेत सहा महिन्यांनी काय उरले ते द्या. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी हे आकडे मागितल्याशिवाय प्रबंध पुढे नेऊ नयेत. दूध संघांनी आणि आरोग्य विभागाने युरिया आणि कोलिनएस्टरेझ या दोन पट्ट्यांची निश्चित मागणी नोंदवावी, कारण मागणी दिसल्याशिवाय कोणीही छपाईची लाइन उभी करणार नाही. साखरेच्या पट्टीला कल्पनेपासून बाजारापर्यंत पंचवीस वर्षे लागली. या दोन पट्ट्यांना तितकी लागण्याचे कारण नाही, कारण अवघड भागाचे उत्तर आता आपल्याला माहीत आहे.